आरेखनासाठी माउस : निवड आणि जुळणी

कापूरबावडीहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीच्या दिशेने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर लागणारे बाळकुम हे एके काळी खाडीकाठचे कोळी-आगरी वस्तीचे गाव. पुढे त्याच्या आसपास कारखाने आले, आणि आता त्या कारखान्यांच्या व शेतांच्या जागी उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या असून ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग ५ वरील एका स्थानकालाही ‘बाळकुम नाका’ हेच नाव मिळाले आहे. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, माजिवडे या पट्ट्यात काय, किंवा कल्याण-डोंबिवलीतील पुनर्विकासाच्या गल्ल्यांत काय, जी इमारत जमिनीवर उभी राहते ती त्याआधी कित्येक महिने कोणा आरेखकाच्या, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील ड्राफ्ट्समनच्या, संगणकाच्या पडद्यावर रेषेरेषेने उभी राहत असते. हा आरेखक दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास ज्या साधनावर हात ठेवून बसतो ते साधन, म्हणजे माउस, बहुतेक कार्यालयांत सर्वांत कमी विचार करून घेतलेले असते; प्रोसेसर कोणता, पडदा किती इंची याची चौकशी दहा ठिकाणी होते, आणि माउस मात्र संगणकाबरोबर जो आला तोच चालू राहतो. हा शिरस्ता मोडावा आणि आरेखकाने आपला माउस आपल्या हाताने निवडून आपल्या कामाला जुळवून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.

ड्रॉइंग बोर्डाच्या काळात ही सावधगिरी कोणाला शिकवावी लागत नसे. टी-स्क्वेअर, गुण्ये, मिनी-ड्राफ्टर, शाईची पेने आणि कंपासपेटी ही प्रत्येक आरेखकाची स्वतःची मालमत्ता असे. ट्रेसिंग कागदावर ओढलेल्या रेषेची जाडी ज्या पेनावर अवलंबून, ते पेन तो दुसऱ्याच्या हाती सहसा देत नसे. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत ऑटोकॅडची पहिली आवृत्ती बाहेर पडली, हा योगायोगच खरा. परंतु पुढे या दोहोंची अशी गाठ पडली की आज या शहरातील मंजुरीचा नकाशा संगणकाखेरीज कल्पितासुद्धा येत नाही. माउस हे साधन त्याहूनही जुने आहे. डग्लस एंजेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली घडविलेला पहिला माउस लाकडी ठोकळ्याचा होता, त्याच्या पोटाशी दोन चाके होती आणि डोक्यावर एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले तेव्हा बटणे तीन झालेली होती. आरेखकाला ज्या अवयवाची आज सर्वाधिक गरज भासते ते मधले फिरते चाक मात्र १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसबरोबर सर्वत्र पोचले, आणि निवडीचा सारा विचार त्या चाकापासूनच सुरू करणे युक्त होय.

अचूकता कोठून येते

तत्पूर्वी एका समजुतीचा निरास केला पाहिजे. माउस जितका अधिक डीपीआयचा तितके आरेखन अचूक, असे मानून पुष्कळ तरुण आरेखक खेळासाठी बनविलेले भारी माउस विकत घेतात. वस्तुतः आरेखनातील अचूकता येते ती कळफलकावर टाइप केलेल्या मापातून आणि ऑब्जेक्ट स्नॅपमधून. हाताने नेमका बिंदू साधणे हे कोणत्याही माउसचे काम नव्हे, आणि तसा तो साधण्याचा प्रयत्न करणे हीच चुकीची सवय होय.

याचे प्रत्यक्ष उदाहरण मंजुरीच्या नकाशात रोज दिसते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यापासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे तिच्याच कक्षेत आली आहेत, आणि ऑनलाइन तपासणीसाठी जे ड्रॉइंग रुजू करावयाचे त्यात भूखंड, इमारतीची बाह्यरेषा, चटईक्षेत्रात धरावयाचे व वगळावयाचे भाग यांच्या आकृत्या ठरावीक लेयरवर, बंद पॉलिलाइनच्या स्वरूपात काढाव्या लागतात. आता मोजणीच्या नकाशावरून उचललेला एखादा वेडावाकडा, नऊ-दहा कोनांचा भूखंड घ्यावा. आरेखक एकेक कोपरा टिपत शेवटच्या बिंदूशी येतो. ‘नियरेस्ट’ हा स्नॅप चालू राहिलेला असतो. कर्सर कोपऱ्याऐवजी बाजूच्या रेषेवर, कोपऱ्यापासून चार-सहा मिलिमीटरवर चिकटतो. पडद्यावर पूर्ण भूखंड दिसत असताना ही फट केसाएवढीही भासत नाही, आकृती मिटल्यासारखी दिसते, आणि तपासणीत मात्र ती उघडी ठरून प्रकरण परत येते. येथे उत्तम माउसचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या प्रकारे : चाक सहज फिरत असेल तर आरेखक प्रत्येक कोपऱ्यावर क्षणभर जवळ जाऊन पाहतो व पुन्हा मागे येतो, चाक अडखळत असेल तर तो हा त्रास टाळतो आणि दुरूनच टिपतो. शेवटचा बिंदू हाताने न टिपता ‘सी’ हे अक्षर देऊन आकृती मिटवावी व ‘नियरेस्ट’ हा स्नॅप एरवी बंदच ठेवावा, हे तर आहेच. परंतु वारंवार जवळ जाऊन पाहण्याची सवय हाताला जडावी, असे चाक माउसला असणे हीच निवडीची पहिली कसोटी आहे.

चाक, हात आणि पृष्ठभाग

ऑटोकॅडमध्ये, तसेच झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड किंवा ब्रिक्सकॅडमध्ये, चाक फिरविले म्हणजे झूम होते, चाक दाबून धरून माउस हलविला म्हणजे पॅन होतो, आणि चाकावर दोनदा टिचकी मारली म्हणजे संपूर्ण ड्रॉइंग पडद्यावर येते. अर्थात एकाच चाकाकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते : ते हलके फिरले पाहिजे, आणि दाबून धरताना मुळीच फिरता कामा नये. दुकानात माउस हाती घेतल्यावर मधल्या बोटाने किंवा तर्जनीने चाक दाबून धरावे व माउस काचेवर चार बोटे इकडेतिकडे सरकवून पाहावा. दाब कायम राखण्यासाठी बोटाला जोर करावा लागत असेल, किंवा दाबताना चाक एक खाच पुढे सरकत असेल, तर तो माउस अन्य सर्व बाबतींत उत्तम असला तरी आरेखकाच्या कामाचा नाही. चाकाच्या खाचा बोटाला स्पष्ट जाणवाव्यात. काही महागड्या माउसमध्ये चाक मोकळे सोडून भिंगरीसारखे फिरविण्याची सोय असते. लांबलचक मजकूर वाचणाऱ्याला ती उपकारक आहे, परंतु आरेखनात एका झटक्याने ड्रॉइंग कोठच्या कोठे पळते, म्हणून ती सोय बंद करून चाक खाचांवरच ठेवावे. ज्यांना चाक दाबण्याचा खरोखरच त्रास होतो त्यांच्यासाठी थ्रीडीकनेक्शन कंपनीचा कॅडमाउस आहे. त्यात चाकाखेरीज मधले बटण स्वतंत्र दिलेले असल्यामुळे पॅनचे काम चाकावर पडत नाही. तो महाग असतो, परंतु दिवसभर त्रिमितीय मॉडेल फिरविणाऱ्याला तो खर्च जड वाटू नये.

चाकानंतर हाताचा विचार. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने अंतर मोजावे. सुमारे १७ सेंटिमीटरच्या आतला हात लहान, १७ ते १९ मधला मध्यम आणि त्यावरचा मोठा, असा ढोबळ हिशेब धरता येतो. माउसवर संपूर्ण तळवा टेकवून काम करणाऱ्याला उंच पाठीचा, लांब माउस मानवतो. केवळ बोटांच्या टोकांनी तो धरणाऱ्याला लहान व हलका. लॅपटॉपबरोबर वापरण्यासाठी बनविलेले इवलेसे माउस आरेखकाने घेऊच नयेत, कारण त्यांवर बोटे आखडून धरावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याचा सांधा दुखू लागतो. डावखुऱ्या आरेखकाने दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घेऊन विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल करावी. उजव्या हाताच्या वळणाचा माउस डाव्या हाती घेऊन वर्षानुवर्षे निभावत राहू नये.

उभा धरावयाचा, ज्याला व्हर्टिकल म्हणतात तो माउस पुढल्या हाताचा पीळ कमी करतो हे खरे. पण त्यावरील टिचकी आडवी पडत असल्यामुळे टिपण्याच्या क्षणी कर्सर किंचित सरकण्याचा संभव असतो, म्हणून तो थोडे दिवस वापरून पाहिल्याशिवाय कायमचा स्वीकारू नये. ट्रॅकबॉलचे नेमके उलट आहे : टिचकीने कर्सर हलत नाही, परंतु बटण दाबून ओढण्याचे काम अवघड जाते, आणि पॅन हे तर सतत ओढण्याचेच काम आहे.

तारेचा माउस घ्यावा की बिनतारी, याचा निकाल टेबल पाहून करावा. बिनतारी घेतल्यास त्याचा लहानसा रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे, लोखंडी पेटीच्या आडोशाला आणि वेगवान यूएसबीच्या शेजारी खोचू नये. त्या जोडण्यांतून निघणारे विद्युत्-उपद्रव रिसीव्हरच्याच लहरींच्या टापूत येतात आणि कर्सर मधूनच अडखळतो. रिसीव्हर समोरच्या बाजूस किंवा लहानशा एक्स्टेन्शनने टेबलावर आणून ठेवावा. टेबलावर काच आणि काचेखाली परिपत्रके, दूरध्वनींच्या याद्या ठेवण्याची आपल्याकडील कार्यालयांची जुनी चाल आहे. साध्या ऑप्टिकल माउसला काचेचा पृष्ठभाग वाचता येत नाही, म्हणून तेथे कापडी माउसपॅड अवश्य अंथरावा. खाडीकाठच्या दमट हवेत घामाने आणि धुळीने चाकाच्या फटीत व पायांखालच्या पट्ट्यांवर काळा थर धरतो. आठवड्यातून एकदा माउस काढून ठेवून तो कोरड्या कापडाने पुसण्याचा नेम ठेवला तर त्याचे आयुष्य वाढते.

खरेदीसाठी ठाण्यात स्थानकाच्या परिसरात दुकाने आहेत, आणि अधिक नमुने एकाच फेरीत हाताळावयाचे असतील तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आहेच. दुकान कोणतेही असो, पक्के बिल आणि हमीचा कागद घ्यावा. माउसचे पहिले दुखणे सहसा डाव्या बटणाखालील स्विच झिजण्याचे असते. एकदा दाबले असता दोनदा दाबल्याची नोंद होऊ लागते, आरेखनात नको तेथे दोन बिंदू पडतात, आणि दोष सॉफ्टवेअरचा समजून आरेखक दिवस घालवतो. अशी शंका येताच दुसरा माउस लावून पाहावा; निदान पाच मिनिटांत होते.

जुळणी : पडद्यावरची

माउस घरी किंवा कार्यालयात आल्यावर पहिले काम विंडोजमध्ये करावयाचे. माउसच्या सेटिंगमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची खूण असते. नावावरून ती अचूकता वाढवीत असावी असे वाटते, परंतु हात वेगाने हलविला तर कर्सर प्रमाणाबाहेर पुढे नेणे आणि सावकाश हलविला तर कमी नेणे, असा तिचा गुण आहे. हाताची चाल आणि कर्सरची चाल यांचे प्रमाण कायम राहावे व ते हाताच्या स्मरणात बसावे, यासाठी ही खूण काढून टाकावी आणि वेगाची पट्टी अकरा खाचांपैकी मधल्या, सहाव्या खाचेवर ठेवावी. त्या स्थितीत डीपीआयचा अर्थ सरळ असतो : १६०० डीपीआय म्हणजे माउस एक इंच हलला असता कर्सर १६०० ठिपके सरकतो. १९२० ठिपके रुंद असा एकच पडदा असेल तर ८०० डीपीआयवर सुमारे अडीच इंचांत तो पार होतो, आणि तसेच दोन पडदे शेजारी असतील तर तेवढ्याच हालचालीला १६०० लागतात. मनगट टेबलावर टेकलेले ठेवून एवढे अंतर सुखाने कापता येते. म्हणून एका पडद्याला ८०० ते १२०० व दोन पडद्यांना १६०० या मर्यादेतच बहुतेकांचे समाधान होईल, आणि पेटीवर छापलेल्या वीस-पंचवीस हजारांच्या आकड्यांसाठी पैसे मोजण्याचे प्रयोजन उरत नाही.

त्यानंतर ऑटोकॅडकडे वळावे. ‘झूमफॅक्टर’ हे चल ३ ते १०० पर्यंत घेता येते व मुळात ६० असते. चाकाच्या एका खाचेने ड्रॉइंग फार उडी घेत असेल तर ते ३०-४० वर आणावे, मोठ्या लेआउटमध्ये फार वेळ फिरवावे लागत असेल तर वाढवावे. चाक दाबूनही पॅन होत नसेल तर ‘एमबटनपॅन’ १ आहे की नाही ते पाहावे, आणि तेही ठीक असेल तर माउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने चाकाला दुसरेच काम नेमून दिले आहे असे समजून तेथे ते ‘मिडल बटण’ म्हणून ठरवावे. या एका बाबीवरून पुष्कळ निर्दोष माउस नादुरुस्त ठरविले जातात. निवडीची चौकट, ‘पिकबॉक्स’, मुळात ३ असते. दाट ड्रॉइंगमध्ये ती तशीच असू द्यावी, आणि डोळ्यांना ताण पडत असेल तर ५-६ पर्यंत वाढवावी.

उजव्या बटणाची जुळणी मात्र सर्वांत फलदायी आहे. ‘ऑप्शन्स’मधील ‘युजर प्रेफरन्सेस’मध्ये ‘राइट-क्लिक कस्टमायझेशन’ उघडून वेळेनुसार ओळखण्याची सोय चालू केली, म्हणजे झटकन दाबले असता ते बटण एंटरचे काम करते आणि दाबून धरले असता मेनू उघडते. या दोहोंमधील सीमा मुळात २५० मिलिसेकंदांची असते. ज्याचा हात संथ आहे त्याने ती ३५०-४०० पर्यंत न्यावी. पण ज्यांना डाव्या अंगठ्याने स्पेस बार दाबून एंटर देण्याची पक्की सवय आहे, त्यांनी उजवे बटण मेनूसाठीच राखावे; एकाच कामाला दोन मार्ग ठेवले तर हात दर वेळी निवड करीत बसतो.

अंगठ्याची बटणे

बाजूची दोन बटणे मुळात ब्राउझरमध्ये मागे-पुढे जाण्यासाठी असतात आणि आरेखनात ती रिकामी पडून राहतात. लॉजिटेकसारख्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून ती केवळ ऑटोकॅडपुरती वेगळ्या कामाला लावता येतात. एका बटणावर एस्केप ठेवावे, कारण चालू आज्ञा सोडून देण्याची पाळी दिवसातून अगणित वेळा येते आणि त्यासाठी डावा हात कळफलकाच्या कोपऱ्यात जातो. दुसऱ्यावर, सरळ रेषांचे काम अधिक असणाऱ्याने एफ-८, म्हणजे ऑर्थो, ठेवावे. मोजणीच्या तिरक्या रेषांवर काम करणाऱ्याने शिफ्ट आणि उजवे बटण यांनी उघडणारा स्नॅपचा मेनू तेथे आणावा. डिलीट किंवा अनडू ही कामे अंगठ्याखाली ठेवू नयेत. अजाणता दाब पडून ड्रॉइंगमधून काय गेले हे कळतही नाही. बारा-बारा बटणांचे माउस मिळतात, परंतु तेवढी कामे अंगठ्याच्या लक्षात राहत नाहीत. ती डाव्या हाताकडेच असू द्यावीत, आणि त्यासाठी आज्ञांची संक्षिप्त अक्षरे कळफलकाच्या डाव्या अर्ध्यात येतील अशी पीजीपी फाइलमध्ये बदलून घ्यावीत. हे बदल एका दिवशी सर्व करू नयेत. एक बदल करावा, आठवडाभर त्यावर काम करावे, तो अंगवळणी पडला असे दिसले तरच पुढचा करावा.

मनगटाचे आरोग्य

माउस कळफलकाच्या पातळीवर, कोपर अंगाशी आणि जवळजवळ काटकोनात राहील असा ठेवावा. आरेखकाला मापे टाइप करण्यासाठी कळफलकाच्या उजवीकडील अंकांची पाटी लागते, आणि तीच पाटी माउसला दूर ढकलून खांद्यावर ताण आणते. यावर चांगला उपाय म्हणजे पाटी नसलेला आखूड कळफलक घेऊन अंकांची सुटी पाटी डाव्या बाजूस ठेवणे. तासातून एकदा हात माउसवरून उचलून बोटे मोकळी करावीत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊ लागल्या, विशेषतः रात्री झोपेतून त्या जागे करू लागल्या, तर माउस बदलून पाहत महिने न घालवता वैद्यकीय सल्ला घ्यावा. मनगटातील मज्जातंतूवर दाब येण्याचे ते लक्षण असू शकते, आणि लवकर घेतलेला उपाय सोपा असतो.

सर्व जुळणी मनासारखी झाली म्हणजे तिचा बंदोबस्त करून ठेवावा. ‘ऑप्शन्स’मधील ‘प्रोफाइल्स’मधून आपले प्रोफाइल एआरजी फाइलच्या रूपात बाहेर काढावे, पीजीपी फाइलची प्रत घ्यावी, आणि डीपीआय, झूमफॅक्टर, बटणांची कामे हे सारे एका कागदावर लिहून दप्तरात ठेवावे, म्हणजे संगणक बदलला, नोकरी बदलली किंवा विंडोज नव्याने टाकावे लागले तरी अर्ध्या तासात हात पूर्ववत कामाला लागतो.

शेवटची विनंती कार्यालयांच्या चालकांना आहे. आयटीआयमधून आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे रुजू होते तेव्हा तिला टेबल आणि संगणक नेमून द्यावा, पण माउस तिला स्वतः निवडू द्यावा आणि खर्च कार्यालयाने सोसावा. दुसऱ्याच्या चष्म्याने जसे वाचवत नाही तसे दुसऱ्याच्या हाताला बेतलेल्या माउसने दीर्घकाळ रेखाटवत नाही. एका संगणकाच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे. तिच्यातून वाचणारे मनगट, टळणाऱ्या चुका आणि तपासणीतून परत न येणारी प्रकरणे यांचा लाभ मात्र त्या आरेखकाइतकाच कार्यालयाला आणि त्या नकाशावरच्या घरात पुढे राहावयास येणाऱ्या कुटुंबालाही मिळतो.